अब्रू, अनुदान आणि अनुनय : देवगड किनाऱ्यावरील शौचालय-प्रसाराचा इतिहास

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१६ मध्ये ग्रामीण स्वच्छतेच्या सर्वेक्षणाचा निकाल जाहीर केला. या सर्वेक्षणात देशातील ७५ जिल्हे तपासण्यात आले होते. त्यांपैकी २२ डोंगराळ व ५३ सपाट प्रदेशातील मानले गेले होते. डोंगराळ जिल्ह्यांत हिमाचल प्रदेशातील मंडी पहिला आला आणि सपाट जिल्ह्यांत सिंधुदुर्ग. ज्या जिल्ह्यात सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंत चढ-उतार, खाड्या आणि जांभ्याचे सडे यांवाचून दुसरे फारसे काही नाही, त्याची गणना सपाट प्रदेशात झालेली पाहून देवगडच्या माणसास गंमत वाटली असल्यास नवल नाही. तथापि हे वर्गीकरण केवळ गमतीचे नाही. जमिनीकडे न पाहता माणसाच्या मनाकडे पाहण्याची जी दृष्टी त्या काळी स्वच्छतेच्या धोरणात प्रबळ झाली होती, तिचा तो एक नमुना होय.

या दृष्टीस शास्त्रीय प्रतिष्ठा लाभली ती तीन वर्षांनी. जुलै २०१९ मध्ये संसदेपुढे आलेल्या २०१८-१९च्या आर्थिक पाहणी अहवालात एक संपूर्ण प्रकरण वर्तनवादी अर्थशास्त्रास वाहिलेले आहे. स्वच्छ भारत अभियानाचे यश हे लोकांच्या निर्णयांना दिलेल्या सौम्य वळणाचे, म्हणजे 'नज'चे, यश होय, असे प्रतिपादन त्यात केले आहे. 'नज' ही संज्ञा रिचर्ड थेलर व कॅस सनस्टीन यांच्या २००८ मधील ग्रंथाने रूढ केली. तिच्या मागची विचारपरंपरा मात्र जुनी आहे. मनुष्य सर्व पर्यायांची तुलना करून निर्णय घेत नाही, समाधानकारक वाटेल तेथे थांबतो, हे हर्बर्ट सायमन यांनी १९५०च्या दशकातच दाखविले होते; डॅनियल कानमन व एमॉस ट्वर्स्की यांच्या १९७९ मधील संशोधनाने लाभापेक्षा हानीचे भय माणसास अधिक हलविते हे मांडले. थेलर यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ही विचारसरणी अनेक देशांच्या सरकारी कचेऱ्यांत पोहोचलेली होती. ब्रिटनमध्ये तर २०१० सालीच तिच्यासाठी स्वतंत्र पथक नेमण्यात आले होते.

थेलर-सनस्टीन यांची व्याख्या काटेकोर आहे. पर्यायांची मांडणी अशी बदलावी की माणसाचे वर्तन अपेक्षित दिशेने वळेल; परंतु कोणताही पर्याय बंद होता कामा नये आणि पैशाच्या लाभहानीत लक्षणीय फरक पडता कामा नये. म्हणजे अनुदान हे नज नव्हे, दंड हे नज नव्हे आणि बंदी तर नव्हेच. मराठीत या शब्दास सहज सुचणारा प्रतिशब्द कोपरखळी हा होय. पण मराठी माणूस कोपरखळी मारतो ती बहुधा टोमण्याची असते, आणि ती चारचौघांत मारली तरच तिला अर्थ असतो. प्रतिशब्दातील हा दोष प्रस्तुत विषयाच्या संदर्भात गुणच ठरावा अशी परिस्थिती आहे.

देवगड तालुका हा १९८१च्या १ मेपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता. उत्तरेस विजयदुर्गची खाडी, गिर्ये व रामेश्वर. मध्यभागी जामसंडे व देवगडचे बंदर. दक्षिणेस कुणकेश्वर, मिठबाव, तांबळडेग अशी किनाऱ्याची वस्ती. किनाऱ्यामागे लगेच जांभ्या दगडाचा सडा चढतो. या कातळात हापूसची कलमे लावण्यासाठी सुरुंगाने खड्डे फोडावे लागले, त्यांत बाहेरून माती आणून भरावी लागली. शोषखड्ड्याचे शौचालय बांधावयाचे तर याच कातळात खड्डा हवा. किनाऱ्यावर पुळणीत खड्डा खणणे सोपे, पण तेथे थोडे खाली गेले की पाणी लागते आणि विहीर जवळ असते. सड्यावरील वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण होते. तेथे शौचालयासाठी निराळे पाणी आणणे हे घरातील स्त्रीच्या डोक्यावरील हंड्यांची संख्या वाढविणे होय. सरकारी नमुना-आराखडा काढणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काळ्या मातीचे गाव असावे असे वाटते.

दुसरे असे की, कोकणातील गाव एकत्र गावठाणाचे नाही. वाड्या विखुरलेल्या, प्रत्येक घराभोवती आवाठ, मागे परसू, पुढे झाडी. 'हागणदारी' हा शब्दच देशावरच्या गावाचा आहे. गावात शिरताना वाटेच्या दोन्ही अंगांस दिसणारी ती जागा. कोकणात माणूस परसाकडे जातो, आणि 'परसाकडे' या शब्दात आडोशाची कल्पना अंतर्भूत आहे. गावाच्या वेशीवरचे ओंगळ दृश्य दाखवून लाज उत्पन्न करावयाची, ही जी पद्धत पुढे प्रचलित झाली तिला येथे दाखविण्याजोगे दृश्यच अनेक ठिकाणी नव्हते. याला अपवाद किनाऱ्यावरील दाट वस्त्यांचा. तेथे घराला घर लागून, अंगण जेमतेम, आणि समोर मोकळी पुळण.

या प्रदेशात शौचालयाचा प्रश्न प्रथम ज्यांनी गंभीरपणे हाती घेतला ते अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) होत. 'कोकणचे गांधी' या नावाने ते ओळखले जात. शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचे ते एक नेते होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असता त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. उच्चवर्णीय कैद्यास ते काम देता येत नाही असा तुरुंगाचा दंडक होता. अप्पासाहेबांनी अन्नत्याग आरंभिला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी ३ डिसेंबर १९३२ रोजी उपोषण सुरू केले. नियमाचा फेरविचार करण्याचे सरकारने मान्य केल्यावर ते दोन दिवसांत सुटले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अप्पासाहेबांनी देवगडला लागून असलेल्या कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापिला. 'गोपुरी संडास' या नावाने प्रसिद्ध असलेली रचना ही तेथलीच.

या संडासाची रचना समजून घेण्याजोगी आहे. दोन कप्पे, एक वापरात असता दुसरा बंद. प्रत्येक वेळी वरून राख, माती वा पालापाचोळा टाकावयाचा. पाण्याची गरज अत्यल्प. कप्पे जमिनीत फार खोल नेण्याचे कारण नाही, म्हणून कातळ आडवा येत नाही. कालांतराने बंद कप्प्यात निर्गंध खत तयार होते आणि ते ज्याचे त्याने काढून आपल्या झाडांस घालावयाचे. या शेवटच्या पायरीत अप्पासाहेबांचे खरे उद्दिष्ट होते. शौचालय त्यांच्या दृष्टीने आरोग्याचे साधन होतेच. परंतु मैला उचलणे हे एका जातीचे काम आहे या समजुतीवर तो घाव होता. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्यांनी पर्यायाची मांडणी बदलली: जे घाण होते ते खत म्हणून पुढे ठेवले. कोणावर सक्ती केली नाही, कोणास पैसे दिले नाहीत, कोणाची लाज काढली नाही. नजच्या काटेकोर व्याख्येत बसणारा या सर्व इतिहासातील बहुधा हा एकच प्रयत्न होय, आणि प्रसाराच्या दृष्टीने तोच सर्वांत अल्पफलदायी ठरला हेही नमूद केले पाहिजे. खत या शब्दाने शेतकऱ्याचे मन वळेल ही अपेक्षा जातीच्या विटाळापुढे टिकली नाही. सौम्य उपायांची मर्यादा येथे स्पष्ट होते: ज्या समजुतीमागे शतकानुशतकांची समाजरचना उभी आहे, ती मांडणीतील बदलाने हलत नाही.

पुढील टप्पा पैशाचा. १९९७ ते २००० या काळात महाराष्ट्र शासनाने अनुदान देऊन राज्यात सुमारे सोळा लाख शौचालये बांधविली. त्यांपैकी अर्ध्याच्या आसपास शौचालये शौचालय म्हणून वापरात नव्हती असे पाहणीत आढळले. सरपण, वैरण, अवजारे यांसाठी ती भिंतींची खोली उपयोगी पडली. या अपयशाचा जो अर्थ राज्यकर्त्यांनी लावला तो पुढील वीस वर्षांच्या धोरणाचा पाया ठरला. पैसा देऊन बांधकाम होते, सवय होत नाही. तेव्हा उणीव साधनांची नसून इच्छेची आहे, असा तो निष्कर्ष होता. त्यात तथ्यांश होता यात शंका नाही. परंतु खड्डा लवकर भरणे, पाणी नसणे, दार नीट न लागणे, आराखडा जमिनीस न मानवणे, ही कारणेही तेवढीच संभवत होती, आणि त्यांचा शोध तितक्या हिरिरीने घेतला गेला नाही.

ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले ते या निष्कर्षावर. बांधकामासाठी अनुदान न देता गावागावांत स्पर्धा लावावयाची. गावाने श्रमदान व लोकवर्गणीतून स्वच्छता करावयाची. समितीने येऊन गुण द्यावयाचे. तालुक्यापासून राज्यापर्यंत चढत्या रकमेची बक्षिसे. राज्यातील पहिल्या गावास २५ लाख रुपये होते. या योजनेतील मर्म रकमेत नव्हते. बक्षीस व्यक्तीस नसून गावास होते, आणि नाव गाडगेबाबांचे होते. हाती खराटा घेऊन आधी गाव झाडणारे आणि मग कीर्तनास उभे राहणारे गाडगेबाबा (१८७६-१९५६) महाराष्ट्राच्या स्मृतीत इतके जिवंत होते की, त्यांच्या नावाने निघालेली योजना सरकारी वाटलीच नाही. केवळ नामकरणाने एखाद्या कार्यक्रमाचा अर्थ कसा पालटतो याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. 'शौचालय बांधा' हा सरकारी आदेश 'गावाची अब्रू राखा' या रूपात घरोघर पोहोचला.

कोकणात या अब्रूला आणखी एक पदर होता. सिंधुदुर्ग हा मुंबईस माणसे पाठविणारा जिल्हा. २०११च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या, त्यामागे हेही एक कारण आहे. गणपतीला व मे महिन्यात चाकरमानी कुटुंबासह गावी येतो. मुंबईत वाढलेली सून व मुले यांना परसाकडे जाण्याचा संकोच वाटतो. घरातील म्हाताऱ्यांनी स्वतःसाठी कधी मागितले नसते ते शौचालय या पाहुण्यांसाठी उभे राहिले, अशी उदाहरणे या भागात घरोघर सांगितली जातात. येथे कोणतेही अभियान नव्हते. शहराकडून आलेली सवय नात्याच्या वाटेने गावात शिरली होती. सिंधुदुर्गच्या यशाचे श्रेय वाटताना मनीऑर्डरीच्या या जुन्या वाटेची आठवण सरकारी अहवालांस राहत नाही.

केंद्र सरकारने २००३ मध्ये घोषित केलेला निर्मल ग्राम पुरस्कार हा याच कल्पनेचा देशव्यापी विस्तार होता, आणि त्यात महाराष्ट्र अग्रेसर राहिला. राज्यातील सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायतींपैकी नऊ हजारांहून अधिक ग्रामपंचायती निर्मल ठरल्या. ढोबळ मानाने एक तृतीयांश. मात्र २०११च्या जनगणनेत ग्रामीण महाराष्ट्रातील ३८ टक्के कुटुंबांकडेच घरच्या आवारात शौचालय आढळले. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. निर्मल गावांत प्रत्येक घरी शौचालय होते असे मानले, तर उरलेल्या दोन तृतीयांश गावांत ते जवळजवळ कोणाकडेच नव्हते असे मानावे लागते. निर्मल ठरलेली गावे तुलनेने लहान होती असे धरून हिशेब थोडा सैल केला तरी ही गोष्ट संभवत नाही. अर्थात पुष्कळ गावे पारितोषिकापुरती निर्मल होती. समिती येऊन गेली, फलक लागला, आणि स्पर्धेची ऊब ओसरली.

ऊब ओसरल्यावर लाजेचा वापर वाढला. १९९९-२००० मध्ये बांगलादेशातील राजशाही भागात कमल कार यांनी लोकप्रणीत संपूर्ण स्वच्छतेची पद्धत विकसित केली होती. गावकऱ्यांनीच उघड्यावरील घाणीच्या जागा फिरून पाहावयाच्या, ती घाण अन्नापर्यंत कशी पोहोचते याचा हिशेब करावयाचा, आणि उद्भवणाऱ्या किळसेतून निर्णय घ्यावयाचा, अशी तिची रीत. या पद्धतीचा महाराष्ट्रात प्रयोग झाला तेव्हा तिला शासनयंत्रणेची जोड मिळाली, आणि पुढे 'गुड मॉर्निंग पथक' ही खास महाराष्ट्रीय संस्था जन्मास आली. पहाटे अधिकारी व कार्यकर्ते शिट्ट्या घेऊन निघत; उघड्यावर बसलेल्यास गुलाबाचे फूल देत. फूल नम्र, पण देण्याची वेळ व जागा नम्र नव्हती. पुढे पुढे फुलाबरोबर छायाचित्र आले आणि छायाचित्राबरोबर मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ खालील दंड. फूल, छायाचित्र आणि दंड या तिन्ही गोष्टी एकाच पथकाच्या हाती असणे हे या इतिहासातील मर्मस्थान आहे. पर्याय नेमका कोणत्या पहाटे बंद झाला हे त्यामुळे कोणासही सांगता येत नाही.

यानंतर कायद्याने उरलेले दार लावले. घरी शौचालय नसणाऱ्यास अथवा त्याचा वापर न करणाऱ्यास ग्रामपंचायतीच्या सदस्यत्वास अपात्र ठरविणारी दुरुस्ती महाराष्ट्रात झाली. राजस्थान व हरियाणा यांनीही तशा तरतुदी केल्या. हरियाणाच्या कायद्यास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी राजबाला खटल्यात फेटाळले. न्यायालयाची विचारसरणी लक्षणीय आहे. शासन साहाय्य देत असतानाही एखाद्याकडे शौचालय नसेल तर त्याचे कारण दारिद्र्य नव्हे, इच्छेचा अभाव होय, असे न्यायालयाने म्हटले. वर्तनशास्त्राने निरीक्षण म्हणून मांडलेली गोष्ट येथे नागरिकाच्या हक्काचे परिमाण बनली. १९९७-२०००च्या अपयशातून काढलेला घाईचा निष्कर्ष कोठवर पोहोचला हे यावरून दिसते.

देवगड किनाऱ्यावर हा निष्कर्ष कसोटीस लावून पाहण्यासारखा आहे. कोकणातील जमिनीचे सातबारा बहुधा सामाईक असतात; एका उताऱ्यावर भाऊबंदांची अनेक नावे, त्यांतील निम्मी मुंबईस. घराशेजारी चार भिंती उभ्या करावयाच्या तर कोणाची ना कोणाची संमती लागते आणि ती न मिळण्यास जुना तंटा पुरतो. घरात राहणारी स्त्री, उतारा दिराच्या नावे, पैसे पाठविणारा मुलगा मुंबईत. 'इच्छा' कोणाची मोजावयाची? किनाऱ्यावरील दाट वस्तीत तर घराखालच्या जमिनीपलीकडे जागाच नसते. कातळ, पाणी, सातबारा आणि जागा या चार अडचणींतून वाट काढून ज्यांनी शौचालय बांधले त्यांची इच्छाशक्ती वाखाणण्याजोगी होती हे खरे. पण जे बांधू शकले नाहीत त्यांची इच्छा नव्हती, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पहाटेच्या पथकास मात्र हे दोघे वेगळे ओळखता येत नाहीत. त्यास उघड्यावर बसलेला माणूस तेवढा दिसतो.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात पूर्वीच्या सर्व पद्धती एकत्र आल्या. प्रत्येक पात्र कुटुंबास १२,००० रुपयांचे प्रोत्साहन, गावोगाव स्वच्छाग्रही, गांधीजींच्या चष्म्याचे बोधचिन्ह, जिल्ह्याजिल्ह्यांत चढाओढ, आणि मुदत गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीची. सिंधुदुर्ग हा हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झालेल्या महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. एप्रिल २०१८ मध्ये सारा ग्रामीण महाराष्ट्र तसा घोषित झाला. साक्षरता, शहराशी संबंध आणि गावकीचा वचक या तिन्हींत सिंधुदुर्गची स्थिती अनुकूल होती, आणि त्याच्या यशास पोकळ म्हणणे अन्यायाचे होईल. उत्तरेकडील चित्र निराळे होते. बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत २०१८ साली झालेल्या पाहणीत, घरी शौचालय असलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के लोक उघड्यावर जात असल्याचे आढळले आणि निम्म्याहून अधिक लोकांनी आपल्या गावात सक्तीचा कोणता ना कोणता प्रकार घडल्याचे सांगितले. आर्थिक पाहणी अहवालात बोधचिन्ह व स्वच्छाग्रही यांचे विवेचन आहे. अनुदान, दंड व अपात्रता यांचा वाटा किती हे वेगळे काढून पाहिल्याखेरीज यशाचे श्रेय नजला देणे शास्त्रीय ठरत नाही. औषधांचे मिश्रण देऊन रोगी बरा झाल्यावर त्यांतील सर्वांत सौम्य औषधाचे नाव घ्यावे, तसा हा प्रकार आहे.

खड्ड्याचा प्रश्न मात्र या सर्वांतून शिल्लक राहिला. अभियानाने पुरस्कृत केलेले दोन शोषखड्ड्यांचे शौचालय तत्त्वतः गोपुरीच्याच जातीचे आहे: एक भरला की दुसरा वापरावयाचा, पहिल्यातील मैल्याचे वर्ष-दीड वर्षात निरुपद्रवी खत झाले की तो उपसावयाचा. पण उपसावयाचा कोणी? ग्रामीण भारतात अनेक कुटुंबे शासकीय नमुना टाळून खर्चाची, प्रचंड आकाराची टाकी बांधतात, कारण ती उपसण्याची पाळी आपल्या हयातीत येऊ नये अशी त्यांची इच्छा असते. हे डियान कॉफी व डीन स्पिअर्स यांनी २०१७ मधील आपल्या ग्रंथात दाखविले आहे. जांभ्याच्या सड्यावर तर मोठी टाकी फोडून काढण्याचा खर्च शौचालयाच्या खर्चाहून अधिक होतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय पेयजल व स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर हे तेलंगणातील वरंगळ जिल्ह्यात गंगादेवीपल्ली या गावी स्वतः खड्ड्यात उतरले आणि त्यांनी आतील खत हाताने बाहेर काढले. वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे आली. रत्नागिरीच्या तुरुंगात एका कैद्याने हेच काम करण्याची परवानगी मागितल्यास तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षे झाली होती.